आडव्या वाऱ्यातलं ग्लायडर लँडिंग: शिकवायचं कुठून?

दर्यावारा:

मुंबई-ठाण्यातल्या ज्यांना इंजिनाशिवाय उडायचंय त्यांना पुण्याची वाट धरावी लागते. जुहूला १९२८ साली देशातला पहिला नागरी विमानतळ झाला, पण आज तिथे हेलिकॉप्टरची ये-जा आणि चहूबाजूंनी इमारती. ग्लायडरला मोकळं रान आणि मोकळं आभाळ लागतं, म्हणून हडपसर. मी राहतो मुलुंडला, सुट्टीच्या दिवशी घाट चढून शिकवायला जातो, आणि माझे बरेचसे विद्यार्थी इकडचेच आहेत.

शिकवताना जे दिसतं ते इथे मांडतोय. या विषयातले बरेच जण इथे आहेत, त्यांनी भर घालावी. पटलं नाही तर तसं स्पष्ट सांगावं.

वारा समोरून असला की मुलं छान उतरवतात. तोच वारा चाळीस-पन्नास अंश बाजूला सरकला की त्याच मुलांचं सगळं बिनसतं. मग आपण काय करतो, तर शेवटची पाच सेकंदं घोटून घेतो. "नाक सरळ कर, रडर दे, पंख सांभाळ." (रडर म्हणजे शेपटीवरचं उभं सुकाणू, ते पायाने चालतं.) माझं ठाम मत आहे की क्रॉसविंड, म्हणजे आडव्या वाऱ्यातलं, लँडिंग तिथे शिकवून येत नाही. ते वर, हातात भरपूर उंची असताना सुरू व्हायला हवं, आणि ग्लायडर थांबून पंख जमिनीला टेकेपर्यंत चालू राहायला हवं.

इंजिनाचं विमान गडबड झाली तर थ्रॉटल पुढे करून परत वर जातं. आपल्याला ती सोय नाही. दोन आसनी ट्रेनरचे पंख सोळा-सतरा मीटरचे, आणि ते तोलायला मधोमध एकच चाक. अशा यंत्रात विद्यार्थ्याला जमिनीपासून दोन मीटरवर पहिल्यांदा ड्रिफ्ट, म्हणजे वाऱ्याने बाजूला वाहत जाणं, दाखवणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून मी सुरुवात वर करतो. सोलापूर रस्त्याचा एखादा सरळ तुकडा आडव्या वाऱ्यात आला की त्यावर नाक धरायला सांगतो आणि गप्प बसतो. थोड्या वेळात रस्ता बाजूला सरकायला लागतो. मुलगा पुन्हा नाक रस्त्याकडे वळवतो, रस्ता पुन्हा सरकतो. असं झालं की त्याचं त्यालाच कळतं, नाक वाऱ्याकडे थोडं वळवून ठेवल्याशिवाय रस्ता धरता येणार नाही. वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या बोटीत जो बसलाय त्याला हे नवं नाही. खाडीतून भरती-ओहोटीचं पाणी आडवं वाहत असतं, तांडेल बोटीचं नाक धक्क्यावर न धरता पाण्याच्या अंगावर धरतो, तेव्हा कुठे बोट धक्क्याला बरोबर लागते. क्रॅब म्हणतात तो हाच.

खरी मेख पुढे आहे. कॅनॉपीवर, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर, डोळ्यांसमोर लोकरीचा बोटभर दोरा एका टोकाला टेपने चिकटवलेला असतो. क्रॅबमध्ये नाक रस्त्यापासून दहा अंश डावीकडे वळलेलं असतं, तरी दोरा मात्र अगदी सरळ, मधोमध असतो. विद्यार्थ्याचा यावर विश्वास बसत नाही. त्याला वाटतं आपण तिरके उडतोय. तो न सांगता उजवा रडर दाबतो, नाक रस्त्यावर येतं, आणि दोऱ्याचं मोकळं टोक उजवीकडे पळतं. आता ग्लायडर खरोखर तिरकं उडतंय आणि वर ड्रिफ्टही होतंय. "रस्ता सोड, आधी दोरा बघ" हे वाक्य मी इथे वापरतो, आणि ते वरच वापरायचं असतं. फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे सरळ उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, समोर धावपट्टी मोठी होत असताना, कुणाला दोरा बघायचं भान राहत नाही.

मुंबईतल्या मुलांना मी आणखी एक काम देतो. पावसाळ्यात घाटकोपरला उघड्यावर उभं राहून २७ नंबरच्या धावपट्टीवर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून, उतरणारी विमानं बघा. वारा नैर्ऋत्येकडून असला की विमानाचं नाक किंचित डावीकडे असतं आणि विमान मात्र सरळ रेषेत पुढे जातं. मग वहीत हिशेब करा. आडवा घटक १० नॉट आणि जेटचा वेग १४० नॉट, तर नाक साधारण ४ अंश वळतं. तोच १० नॉट आडवा वारा ५५ नॉटने येणाऱ्या ग्लायडरला लागला तर साडेदहा अंश. वारा तोच, पण हळू येणाऱ्याला तो जास्त आडवा पडतो. हा आकडा एकदा स्वतः काढला की फायनलवर नाक एवढं वळलेलं पाहून मुलं बिचकत नाहीत.

रनवे_२७:

फार महत्त्वाचा विषय. मी एअरलाइनमध्ये उडवतो, सुरुवात मात्र ग्लायडरवर केली होती, म्हणून एक फरक सांगतो.

मोठं जेट थोडा क्रॅब शिल्लक ठेवून टेकलं तरी बहुतेक वेळा निभावतं. त्याचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो. चाकं टेकली की घर्षण मागून ओढतं आणि विमान आपोआप सरळ होतं. ज्या ग्लायडरची शेपटी उभं असताना जमिनीला टेकलेली असते, त्यात गणित उलटं आहे. गुरुत्वमध्य चाकाच्या मागे. तिरकं टेकलं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि शेपटी फिरते. त्यात एका पंखाचं टोक गवतात अडकलं की ग्राउंड लूप, म्हणजे जमिनीवरच गर्रकन फिरणं, ठरलेलं. पुढे नाकाचं चाक असलेले ट्रेनर याबाबतीत बरेच क्षमाशील असतात. पण विद्यार्थ्याची सवय त्यावर लागली आणि नंतर तो शेपटीवाल्या ग्लायडरमध्ये बसला, तर अडचण येते.

कॅडेट_कळवा:

सर, मी एनसीसीच्या एअर विंगमधून शिकतेय. दोरा सरळ आणि नाक तिरकं याचा मला अजूनही गोंधळ होतो, आज पहिल्यांदा नीट उलगडा झाला.

दोन प्रश्न आहेत. एक, नाक सरळ कधी करायचं? आमच्यात कुणी म्हणतं फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलून उतार मोडणं) सुरू होताना, कुणी म्हणतं अगदी शेवटी. दुसरा, मुळात क्रॅब करून शेवटी धावपळ कशाला? फायनलभर वाऱ्याकडचा पंख खाली ठेवून, उलटा रडर देऊन सरळच का येऊ नये?

विंचमास्तर:

दर्यावारा, तुमचं निम्मं पटलं. वर ड्रिफ्ट दाखवायलाच हवा, दुमत नाही. पण या कॅडेटचा दुसरा प्रश्न अगदी रास्त आहे आणि मी तिच्या बाजूने आहे.

आमच्या काळात 'रोहिणी' होतं. १९६१ साली पहिल्यांदा उडालेलं, आपल्याच देशात बनलेलं दोन आसनी ग्लायडर. त्याच्या सीट शेजारी-शेजारी होत्या. मला विद्यार्थ्याचे पाय दिसायचे. तो रडर दाबतोय की नुसता पेडलवर ताठरून बसलाय, डोळे लांब आहेत की नाकासमोर चिकटलेत, सगळं बाजूला बघून कळायचं. आता इन्स्ट्रक्टर मागे बसतो. मागून दिसतात ते फक्त केस आणि टोपी. अशा वेळी पाव-अर्ध्या सेकंदाचं टायमिंग लागणारी पद्धत नवख्याला का शिकवायची? तिने विचारलेल्या पद्धतीत, म्हणजे विंग-डाउनमध्ये, नाक आधीपासून धावपट्टीशी सरळ असतं. ड्रिफ्ट व्हायला लागला तर पंख थोडा आणखी खाली, उलट सरकलो तर थोडा वर. मुलाला काय चाललंय ते दिसतं, शेवटच्या क्षणी काही वेगळं करावं लागत नाही.

दर्यावारा:

विंचमास्तर, मागच्या सीटवरून पाय दिसत नाहीत हे तुमचं म्हणणं अगदी खरं. मी माझे पाय पेडलवर अगदी हलके ठेवतो, तेव्हा त्याच्या पायाचा ताठरपणा पेडलमधून कळतो. पण त्याचा तोटा असा की विद्यार्थ्याला माझे पाय जाणवतात आणि आपण करतोय की सर करतायत हे त्याला कळेनासं होतं. म्हणून थोडं जमायला लागलं की मी मोठ्याने सांगतो, "माझे पाय पेडलवरून काढलेत." मग खरंच काढतो.

विंग-डाउनचं मात्र मला आकड्यांमुळे पटत नाही. १६ मीटरचा पंख म्हणजे मध्यापासून टोकापर्यंत ८ मीटर. ५ अंश कलंडलात तर टोक ७० सेंटिमीटर खाली येतं. १० अंशाला जवळजवळ १.४ मीटर. गवत थोडं वाढलेलं असेल, जमीन एका बाजूला उंच असेल, तर चाकाच्या आधी टोक टेकेल. वारा हलका असताना दोन-तीन अंशांत भागतं, तिथे विंग-डाउन चालेल. पण जिथे आडव्या वाऱ्याचं खरं काम पडतं तिथेच ही पद्धत अपुरी पडते. शिवाय फायनलभर असं पंख कलवून तिरकं, म्हणजे स्लिपमध्ये, राहिलात तर ग्लायडर जास्त बुडतं, आणि काही ग्लायडरमध्ये स्लिपमध्ये एअरस्पीड इंडिकेटर चुकीचा वेग दाखवतो.

कॅडेट, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. फ्लेअर पूर्ण झालाय, ग्लायडर जमिनीला समांतर तरंगतंय, चाक आणि जमीन यांत अर्ध्या-पाऊण मीटरचं अंतर आहे आणि आता टेकणारच, तेव्हा. लाथ मारल्यासारखा रडर द्यायचा नाही. पायाने नाक धावपट्टीवर आणून ठेवायचं. ग्लायडरला वजन आहे, नाक सरळ केल्याबरोबर ते बाजूला वाहत नाही, सेकंद-दोन सेकंद आधीच्याच रेषेत जातं. तेवढ्यात टेकायचं. फार आधी सरळ केलंस तर ड्रिफ्ट सुरू होईल. मग घाबरायचं नाही, वाऱ्याकडचा पंख किंचित खाली आणून तो थांबवायचा. म्हणजे शेवटच्या दोन मीटरमध्ये विंचमास्तरांची पद्धत कामाला येतेच. ती यायला हवी, पण सगळी भिस्त तिच्यावर नको.

आणि एक गोष्ट जी पुष्कळदा सांगायची राहते. वारा डावीकडून आहे, नाक डावीकडे आहे, तू उजवा रडर दिलास. आता डावा पंख पुढे येतो, त्याला जास्त लिफ्ट मिळते, तो उचलला जातो. नेमका वाऱ्याकडचा पंख वर आणि वारा त्याच्याखाली. म्हणून उजवा पाय आणि डावीकडे स्टिक (हातातला दांडा) या दोन्ही गोष्टी एकत्र व्हायला हव्यात. मी हे जमिनीवर, उभ्या ग्लायडरमध्ये बसवून करून घेतो. डोळे मिटून. उजवा पाय, हात डावीकडे. डावा पाय, हात उजवीकडे. सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीलगत घेतलेल्या चौकोनी फेरीत, नेहमी हात आणि पाय एकाच बाजूला जातात, इथे उलटे जातात. ही उलटी सवय हवेत लावता येत नाही, तेवढा वेळच नसतो.

विंचमास्तर:

७० सेंटिमीटरचा हिशेब मान्य. रोहिणीचा पंख आणि तेव्हाचं रान, दोन्ही वेगळं होतं हेही मान्य. तरी पहिले काही धडे हलक्या वाऱ्यात विंग-डाउनने द्यावेत या मतावर मी ठाम आहे. त्याने हात-पाय उलटे चालवायची भीती जाते, मग क्रॅब.

कामशेतकर:

मी पॅराग्लायडिंगवाला. आमच्याकडे लँडिंगला शक्यतो वाऱ्यातच तोंड करायचं, त्यामुळे हा प्रकार वेगळा आहे. पण सर्किटबद्दल विचारायचं होतं. दर्यावारांनी सुरुवातीला म्हटलं की हे शेवटच्या पाच सेकंदांत शिकवायचं नाही, पण मधल्या सर्किटबद्दल फार लिहिलं नाही. आम्हाला बेसवर, म्हणजे फायनलला वळण्याआधीच्या आडव्या टप्प्यात, वारा पाठीशी आला की फायनल चुकते. तुमच्याकडेही तसंच होतं का?

दर्यावारा:

अगदी तसंच, आणि आमच्याकडे ते जास्त घातक आहे. माझ्या मते आडव्या वाऱ्यात जिवावर बेतणारी चूक लँडिंगमध्ये होत नाही, ती फायनलच्या वळणात होते. लँडिंग बिघडलं तर ग्लायडरचं नुकसान होतं. वळण बिघडलं तर माणूस जातो. म्हणून हे सविस्तर लिहितो.

समजा पश्चिमेकडे तोंड करून उतरायचंय, सर्किट डावं आहे, म्हणजे तुम्ही धावपट्टीच्या दक्षिणेला आहात. वारा दक्षिणेकडून आहे. डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने जाताना, हा वारा तुम्हाला हळूहळू धावपट्टीकडे ढकलतो. लक्ष नसेल तर तुम्ही बेसला वळता तेव्हा आधीच जवळ आलेले असता. बेस उत्तरेकडे, म्हणजे वारा थेट पाठीमागून. १०० किमीच्या वेगात १८ किमीची भर पडते. जमीन भराभर मागे जाते, बेस संपतो, आणि विद्यार्थ्याला कळेपर्यंत धावपट्टीची रेषा ओलांडून पलीकडे गेलेली असते.

आता तो काय करतो? जमीन जवळ आहे म्हणून पंख जास्त कलवायची भीती वाटते. पण नाक तर वळवायचंय. मग तो डावा रडर आणखी दाबतो. नाक वळतं आणि खाली जातं. खाली जातंय म्हणून स्टिक मागे ओढतो. डावा पंख कलतोय म्हणून एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) उजवीकडे देतो. आतला पंख हळू, त्याचा हवेशी अँगल वाढलेला, आणि तोच आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल तुटते. स्पिन, म्हणजे ग्लायडर गरगरत खाली. शंभर मीटरवर स्पिनमधून बाहेर यायला जागा नसते. या तिन्ही हालचाली वेगवेगळ्या बघितल्या तर प्रत्येकीमागे कारण आहे, म्हणूनच त्या सहज होतात. उंचावर, सुरक्षित अंतरावर, मी हा क्रम मुद्दाम करून दाखवतो. नाक कसं न विचारता फिरतं ते एकदा बघितलं की डोक्यात बसतं.

उपाय साधे आहेत. रेषा ओलांडली तर ओलांडली. नीट, दोरा सरळ ठेवून वळण पूर्ण कर आणि रान रुंद असेल तर थोडं तिरकं उतर. वरच्या उदाहरणात रेषेच्या उत्तरेला गेलास आणि तिथून नैर्ऋत्येकडे तोंड करून उतरलास तर वारा उलट थोडा समोरून येतो, म्हणजे काम सोपंच होतं. मधल्या पट्ट्यावरच उतरायचं असा हट्ट विद्यार्थ्याच्या मनातून काढून टाकणं हे इन्स्ट्रक्टरचं काम. माझ्या ब्रीफिंगमध्ये हे वाक्य दर वेळी असतं.

आणि निवड असेल तर सर्किट दुसऱ्या बाजूने घ्यावं. तेव्हा बेसवर वारा समोरून येतो, जमिनीवरचा वेग कमी, विचार करायला वेळ जास्त. फक्त डाउनविंडवर वारा लांब ढकलतो आणि बेसवर उंची जास्त खर्च होते, म्हणून सर्किट थोडं आत ठेवायचं. दोन्ही बाजूंनी उडवून घ्यावं. एकाच बाजूचं सर्किट घोटलेला विद्यार्थी पाठांतरावर उडत असतो.

डोंबिवलीकर_आई:

मी यातली जाणकार नाही. माझी मुलगी शिकायला जाते, म्हणून धागा वाचतेय. स्पिनबद्दल वाचून काळजात धस्स झालं. स्पष्टच विचारते, अशा वाऱ्यात मुलांना एकटं सोडतात का? आणि वारा अचानक बदलला तर?

दर्यावारा:

ताई, विचारलंत हे बरं केलंत. पहिला सोलो आडव्या वाऱ्यात देत नाहीत. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना देतात. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर उसळायला लागते आणि वारा झुळकांनी दिशा बदलतो, तेव्हा नवख्याला खाली ठेवतात. प्रत्येक ग्लायडरच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याची मर्यादा दिलेली असते आणि विद्यार्थ्यासाठी इन्स्ट्रक्टर ती आणखी खाली आणतो. वारा ऐन वेळी बदलू शकतो, हे खरं. म्हणूनच आडवा वारा शिकवल्याशिवाय, शांत हवेतसुद्धा, मी कुणाला एकटं सोडायच्या विरोधात आहे. तुमच्या मुलीला विचारा, रेषा ओलांडली तर तू काय करशील? तिने लगेच "तिरकं उतरेन" म्हटलं तर तिला चांगलं शिकवलं जातंय.

डोंबिवलीकर_आई:

विचारलं. म्हणाली, "आई, वळण आधी पूर्ण करायचं, मग जिथे जागा असेल तिथे." आभारी आहे.

विंचमास्तर:

शाबास तिची.

टेकल्यानंतरचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चाक टेकलं की मुलं सुटकेचा श्वास टाकतात आणि पाय ढिले सोडतात. खरी परीक्षा तिथूनच सुरू होते. ग्लायडरचा सगळा उभा पृष्ठभाग मागे, शेपटीत. वारा शेपटीला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळायला बघतं. वेग कमी होत जातो तसा रडरचा जोरही कमी होतो, म्हणून पाय आणखी आणखी द्यावा लागतो, शेवटी पार टोकापर्यंत. स्टिक वाऱ्याकडे. वाऱ्याकडचा पंख किंचित खाली, दुसरा कधीच खाली पडू द्यायचा नाही. मी पंख जमिनीला टेकेपर्यंत "छान" हा शब्द तोंडातून काढत नसे. आधी म्हटलं की पाय ढिले झालेच. आणि उतरून पळायचं नाही. वाऱ्याकडचा पंख खाली दाबून त्यावर टायर ठेवला की मग चहा.

रनवे_२७:

विंचमास्तरांच्या या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. आम्हीसुद्धा टॅक्सीचा वेग येईपर्यंत एलेरॉन वाऱ्याकडे धरून ठेवतो.

कॅडेट_कळवा:

शेवटचा प्रश्न. आडव्या वाऱ्यात फायनलचा वेग किती धरायचा? वारा समोरून नाही, मग जास्त वेग कशाला, असं मला वाटतं.

दर्यावारा:

आधी तुझ्या ग्लायडरच्या पुस्तिकेत आणि इन्स्ट्रक्टरने काय सांगितलंय ते बघ, तेच पाळायचं. सर्वसाधारण हिशेब असा: स्टॉलच्या वेगाची १.३ पट, अधिक वाऱ्याच्या वेगाच्या निम्मे. समजा स्टॉल ६० किमी आणि वारा ३० किमी. ७८ अधिक १५, म्हणजे ९३.

वारा आडवा असला तरी भर घालायचीच, कारण तो एकाच दिशेने कधी राहत नाही. झुळूक आली की क्षणभर समोरचा, क्षणभर मागचा होतो. शिवाय जमिनीजवळ, झाडं-घरांच्या मागे, वारा एकदम पडतो आणि त्यासोबत तुझा वेगही पडतो. पण "असू दे थोडा जास्त" म्हणून ११० ने येऊ नकोस. मग फ्लेअरनंतर ग्लायडर लांबवर तरंगत राहतं, आणि तरंगण्याचा प्रत्येक सेकंद म्हणजे ड्रिफ्टला दिलेला सेकंद. नाक सरळ करायची वेळ ओळखणंही त्याने अवघड होतं. ९३ ठरवलेत तर ९३ धर, एअरब्रेकने (पंखांतून वर निघणाऱ्या फळ्यांनी) उतार सांभाळ, आणि वेग स्थिर होत नसेल तर आधी नाकाची जागा क्षितिजाशी पक्की कर, काट्याच्या मागे धावू नकोस.